कमजोरीवाले मोईनभाई

आमच्या मेडिकलच्या काउंटरला लागून एक लोखंडी बाक आहे. वरच्या दवाखान्यात नंबर लावलेले पेशंट त्यावर बसतात, खानावळीचे डबे त्यावर टेकवले जातात, दुपारी एखादं मांजरही ताणून देतं. कुणी येऊन "ताई, लई कमजोरी हाय, काहीतरी द्या" म्हटलं, की औषधाकडे बघायच्या आधी मी अजून त्या बाकाकडे बघते. तिथून आवाज यायचा, "कमजोरी म्हंजी? नेमकं काय होतंय?" लोक दचकायचे. गोळी घ्यायला आलेल्या माणसाला बाकावरचा टायवाला म्हातारा असं का विचारतोय, हे त्यांना कळायचं नाही. काहीजण मला खुणेनं विचारायचे, यांचं डोकं ठिकाणावर आहे ना. मी म्हणायचे, आहे, पण जरा उशिरा आलंय ठिकाणावर.

मी तोंडाची फटकळ आहे हे लातुरात सगळ्यांना ठाऊक आहे. मोईनभाईंनाही ठाऊक होतं. ते हे ऐकायचे आणि मान खाली घालून बुटाकडे बघायचे.

मोईनभाई जन्मभर औषध कंपनीचे एमआर. म्हणजे बॅग घेऊन डॉक्टरांच्या दाराशी ताटकळायचं, आत बोलावलं की गोड बोलायचं आणि आपल्या कंपनीचं औषध चिठ्ठीवर कसं येईल ते बघायचं. मूळचे नांदेडचे, जुन्या गावातले. वडिलांचं अत्तराचं आणि जडीबुटीचं दुकान होतं. नोकरीनं त्यांना लातूरला आणलं आणि मग एसटीनं लातूर-नांदेड, नांदेड-लातूर करण्यातच वय गेलं. मधे लोह्याला उतरून एका डॉक्टरला सलाम ठोकायचा आणि मागून येणारी गाडी धरायची, असा नेम.

उन्हाळ्यात आमच्याकडे डांबर पायाला चिकटतं, पण त्यांचा टाय कधी सैल झालेला मी पाहिला नाही. खिशात दोन रुमाल असायचे. एक घाम पुसायला, एक दाखवायला. दुकानात आले की आधी काउंटरच्या आडोशाला वाकून घामाच्या रुमालानं बूट पुसायचे. मी म्हणायचे, "मोईनभाई, त्याच रुमालानं आता तोंड पुसाल." ते म्हणायचे, "ताई, तोंडाचं काय, ते अल्लानं दिलंय. डॉक्टर बूट बघून ठरवतो, बसा म्हणायचं का नंतर या म्हणायचं."

दुसरं एक वाक्य त्यांच्या तोंडात सारखं असायचं: "दवा बाटलीत नसती ताई, नावात असती." मी फार्मसी शिकलेली बाई. मला ते झोंबायचं. मी विचारायचे, मग बाटलीत काय, नळाचं पाणी? ते हसून टाळायचे. वडिलांच्या दुकानात म्हणे एकाच मुळीची चार नावं होती आणि माणूस बघून वडील नाव सांगायचे. अशा दुकानात वाढलेलं पोर दुसरं काय शिकणार.

त्यांना खरा नाद होता तो लोकांच्या दुखण्याच्या बोलीचा. दवाखान्यात बसून बसून कान तयार झालेला. अंग मोडून आलंय, अंगात कसकस हाय, डोकं उठलंय, जीव घाबरा होतोय, हातापायाची आग होऊन राहिली. हे सगळं ते आवाज काढून म्हणून दाखवायचे. म्हातारीचं वेगळं, नव्या सुनेचं वेगळं, सुट्टीवर आलेल्या फौजीचं वेगळं. औशाकडची बाई दुखणं कसं सांगते आणि उदगीरकडची कसं, हेही करून दाखवायचे. मी हसून हसून गल्ल्यावर डोकं टेकवायचे.

एकदा वरच्या दवाखान्यात बाहेरगावचे एक तरुण डॉक्टर काही महिन्यांसाठी आले होते. मराठी पुस्तकी. एक बाई लाजत लाजत म्हणाली, "डॉक्टर, लई दिस झाले, अंगावरून पाणी जातंय." डॉक्टर बिचारे भले. त्यांनी नर्सला हाक मारली आणि म्हणाले, यांना आधी टॉवेल द्या. बाहेर आपला नंबर यायची वाट बघत बसलेल्या मोईनभाईंच्या कानावर ते पडलं. ते दार ढकलून आत गेले, बाईकडे पाठ करून उभे राहिले आणि डॉक्टरांच्या कानात सांगितलं की हे पाणी पावसाचं नाही, बाईच्या जातीचं दुखणं आहे. बाईची लाज राखली, डॉक्टरांचीही राखली. खाली येऊन मात्र हा किस्सा रंगवून सांगितला आणि वर म्हणाले, "आता हा डॉक्टर माझाच. जन्मभर माझंच औषध लिहिणार." त्यांच्या चांगुलपणाला असं शेपूट असायचंच. मला ते तेव्हाही दिसत होतं, पण माणूस गोड होता आणि गोड माणसाचं शेपूट कोण धरतं.

भूकंप झाला तेव्हा ते नोकरीत नवे होते आणि मी सासरी नवी. किल्लारीकडची गावं दगडमातीच्या ढिगाऱ्यात गेली. पाऊस, चिखल, तंबू. मोईनभाई बॅगेतली सगळी सॅम्पलं घेऊन तिकडं गेले, कंपनीला विचारलंसुद्धा नाही. बाहेरून आलेल्या डॉक्टरांच्या शेजारी तंबूत बसून बायाबापड्यांचं बोलणं त्यांना समजावून द्यायचे. हे लातूर विसरलं नाही. पुढं कितीतरी वर्षं त्यांना कुठल्याही दवाखान्यात खुर्ची मिळायची, ती त्या तंबूमुळं. कंपनीनंही मुंबईला बोलावून त्यांना एक मोठं घड्याळ दिलं, खाली पितळी पट्टीवर नाव कोरलेलं. ते घड्याळ त्यांनी घरी नेलं नाही. माझ्या दुकानात लावलं. म्हणाले, घरी जागा नाही ताई, इथं लोक बघतील. मी मनात म्हटलं, घ्या, मिरवायची हौस बघा. फुकटचं घड्याळ मिळालं म्हणून लावूनही घेतलं.

पुढं लातूर बदललं. आमच्या गल्लीतली घरं एकेक करून पाडली गेली आणि त्या जागी मुलींची होस्टेलं उभी राहिली. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं गावोगावाहून येऊन इथं राहायला लागली. कुठं खिडकीत वह्या, कुठं गॅलरीत वाळत घातलेले युनिफॉर्म, सगळ्या भिंतींवर पहिल्या आलेल्यांचे फोटो. माझ्या दुकानात डोकेदुखीच्या गोळ्या आणि पित्ताची औषधं भाजीसारखी खपायला लागली. आणि डॉक्टरांच्या दाराशी मोईनभाईंना ताटकळायचंही कारण उरलं नाही, कारण डॉक्टर आता औषधांची माहिती फोनवर बघायला लागले. कंपनीनं बॅगेऐवजी हातात एक पाटीएवढा टॅब दिला. मोईनभाई त्यालाही रुमालानं पुसायचे.

रिटायरमेंट जवळ आली होती आणि आपण आता अडगळ झालो, हे त्यांना कळत होतं. बाकावर बसून एकदा म्हणाले, "ताई, पोरं येऊन राहिली नवी. त्यांना पेशंट कसा दिसतो ठाऊक न्हाई, पण पेशंट फोनवर कुठं बोट लावतो ते ठाऊक हाय."

अशात मुंबईच्या ऑफिसातून त्यांना विचारणा झाली. कंपनी फोनवर चालणारं एक साधन काढत होती. लोकांनी आपल्या भाषेत तब्येतीची तक्रार लिहायची आणि फोननं काय करायचं ते सांगायचं. नाव ठेवलं होतं 'सांगा बरं'. त्यासाठी मराठवाड्याची बोली जाणणारं कुणीतरी हवं होतं. मोईनभाईंचा चेहरा त्या दिवशी लग्न ठरलेल्या पोरासारखा झाला होता. नेट चांगलं म्हणून व्हिडिओ कॉल माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत. वर टाय, कोट आणि खाली, कॅमेऱ्यात दिसत नाही म्हणून, चट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. मी चहा घेऊन गेले तर तिकडून मुंबईचा एक तरुण बोलत होता, बोलायला नम्र. मोईनभाई त्याला एकेक शब्द देत होते, कसकस, आग, घाबरा, गोळा. तो टाईप करत होता. मग त्यानं विचारलं, "सर, असा एक शब्द सांगा जो तिकडं सगळेच वापरतात."

मोईनभाईंनी टाय सारखा केला. "कमजोरी," ते म्हणाले. "अंगात रक्त न्हाई तरी कमजोरी. झोप न्हाई तरी कमजोरी. घरात भांडण झालं तरी कमजोरी. कमजोरी म्हटलं की आमचा माणूस बाटली मागतोच. आमच्याकडं हा एक शब्द धरा, बाकीचे सोडून द्या."

मुंबईवाला खूश झाला. थोड्याच दिवसांत पोरापोरींच्या फोनवर तेच फिरायला लागलं. अभ्यासात मन लागत नाही? सांगा बरं. थकवा येतो? सांगा बरं. कुणी 'कमजोरी' लिहिलं की कंपनीच्या टॉनिकची बाटली समोर यायची, खाली बटण, दाबलं की होस्टेलवर घरपोच. कंपनीच्या ग्रुपवर मोईनभाईंचा फोटो झळकला, खाली लिहिलं होतं 'शब्दांचे उस्ताद'. त्यांनी तो मला दाखवला, वर जाऊन डॉक्टरांना दाखवला, समोरच्या खानावळवाल्या काकूंनाही दाखवला. माझी गिऱ्हाइकं तुटत होती म्हणून मी फणकारले, "माझ्याच खोलीत बसून माझ्याच पोटावर पाय दिलात." ते म्हणाले, "ताई, जमाना हाय." त्या फोटोत ते खरंच देखणे दिसत होते, हे मात्र मी बोलले नाही.

आमच्या गल्लीतल्या होस्टेलात राहणारी वैष्णवी मूळची शिरूर अनंतपाळची. बाप तिथं एका शाळेत शिपाई. पोरगी हुशार, डॉक्टर व्हायचंच म्हणून आलेली. काकूंच्या खानावळीतून डबा घ्यायची. एका दुपारी काकू तिला रिक्षात घालून दवाखान्याशी घेऊन आल्या. पोरीची मान टिकत नव्हती, श्वास खोल खोल चाललेला. मोईनभाई काउंटरशी उभे होते. त्यांनी आणि रिक्षावाल्यानं तिला उचलून वर नेलं. मागून काकू धापा टाकत, हातात पोरीची पिशवी. पिशवीतून टॉनिकची एक रिकामी बाटली आणि एक अर्धी बाटली त्यांनी काढली आणि माझ्यापुढं धरली. "हेच घेत होती ओ. फोनवर सांगितलंय म्हणत होती. मी म्हणलं, डॉक्टरला दाखव, तर म्हणाली क्लास बुडतो."

वर डॉक्टरांनी पोरीच्या तोंडाशी वाकून वास घेतला आणि लगेच बोटातून रक्त काढलं. साखर. लहान वयात एकाएकी होणारा मधुमेह, जो टॉनिकनं नाही, फक्त इन्सुलिननं आटोक्यात येतो. पोरगी वाळत चालली होती, सारखं पाणी पीत होती, आणि अंगातली साखर चढलेली असताना वरून गोड टॉनिक घेत होती. डॉक्टरांनी बाटली उलटी करून वाचली आणि शिवी हासडली. मोईनभाई तिथंच होते. काकूंनी पोरीचा फोन त्यांच्याच हातात दिला होता. पडद्यावर 'सांगा बरं' उघडं होतं आणि पोरीनं लिहिलेला शब्द त्यांनी वाचला.

त्या दिवशी त्या माणसानं जी धावपळ केली ती मी पाहिली आहे. अॅम्ब्युलन्स त्यांनी आणली, मोठ्या हॉस्पिटलात ओळख काढून खाट त्यांनी मिळवली, पोरीचा बाप पोचेपर्यंत अतिदक्षता विभागाच्या दाराशी तेच बसले. टाय सुटून खिशात गेला होता. पोरगी वाचली. इन्सुलिन मात्र जन्माचं लागलं, आणि ते वर्ष गेलं ते गेलंच. बापानं तिचा बिछाना बांधला आणि तिला गावी नेलं.

मोईनभाईंनी मुंबईला फोन लावला. पुन्हा माझ्याच मागच्या खोलीतून. यावेळी कॅमेरा बंद. "तो शब्द काढा," ते म्हणत होते. "माझा शब्द हाय, मी परत मागून राहिलो. कमजोरी म्हटलं की बाटली दाखवू नका, आधी विचारा नेमकं काय होतंय." तिकडचा मुलगा तसाच नम्र. म्हणाला, "सर, तो आपला सगळ्यात जास्त चालणारा शब्द आहे." मोईनभाईंनी हात जोडले. फोनसमोर, कॅमेरा बंद असताना. मी दारातून मागं फिरले. काही दिवसांनी बाटलीच्या चित्राखाली डोळ्याला भिंग लावून दिसेल अशी एक ओळ आली, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तेवढंच. मोईनभाईंनी टॅब परत पाठवला आणि रिटायरमेंटची वाट न बघता नोकरी सोडली.

मग एक दिवस येऊन म्हणाले, "ताई, शिरूर अनंतपाळला येता का? पोरीच्या घरी जायचंय. जाऊन सांगायचंय. घरात लेकीबाळी, मी एकटा कसा जाऊ." मी म्हटलं, काय सांगणार? ते म्हणाले, "खरं."

घर लहान, नीट सारवलेलं. आम्ही येणार म्हणून बापानं शाळेतून सुट्टी काढली होती, भावकीतले दोघंचौघं बोलावून बसवले होते, जमिनीवर सतरंजी अंथरली होती. आम्ही टेकतोय न टेकतोय तोवर बाप आतून ताट घेऊन आला. ताटात नारळ, टॉवेल, पांढरी टोपी. आमच्याकडं ज्याचा मान करायचा त्याला टॉवेल-टोपी. मोईनभाईंना ते ताट दिसलं आणि ते अर्धे उठले.

"आधी माझं ऐका," ते म्हणाले.

"आधी मान घ्या साहेब, मग सगळं ऐकतो," बाप म्हणाला. "तुम्ही नसता तर माझी पोरगी न्हवती." त्यानं नारळ हातात दिला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि टोपी त्यांच्या तेल लावून बसवलेल्या केसांवर ठेवली. टाय, कोट आणि वर पांढरी टोपी. एरवी मी त्यांना आठवडाभर चिडवलं असतं.

मोईनभाईंनी नारळ दोन्ही हातांत घट्ट धरला होता. "भाऊ, मी मान घ्यायला आलो न्हाई," ते म्हणाले. "फोनवर जे येतं ना, ज्याच्यात तुमच्या पोरीनं लिहिलं, त्याच्यातला शब्द मी दिला होता. कंपनीला मी सांगितला होता."

"कोणचा शब्द?"

"कमजोरी."

बापानं भावकीकडं बघितलं. भावकीनं बापाकडं. मग बाप समजूत काढल्यासारखा म्हणाला, "मग बरोबरच हाय की साहेब. कमजोरीच तर होती तिला. लई कमजोरी होती. तुमचा शब्द काय चुकला न्हाई."

"चुकला," मोईनभाई म्हणाले. "मी चुकलो."

"असं काय बोलता. चुकलं आमचं. आम्ही अडाणी, पोरीकडं लक्ष दिलं न्हाई." आणि त्या माणसानं खरोखर मोईनभाईंच्या पायाला हात लावला. मोईनभाई पाय मागं घेत भिंतीला टेकले. आणखी दोनदा त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी त्या घरातल्यांना त्यांचा मोठेपणाच दिसला. तिथं बसणं मला नकोसं झालं. माझ्या धंद्यातल्या सगळ्या माणसांच्या वतीनं मला त्या सतरंजीत गडप व्हावंसं वाटलं.

चहा वैष्णवीनं आणला. अंगानं भरली होती. स्वतःचा बिनसाखरेचा कप घेऊन ती चौकटीशी उभी राहिली आणि सगळं ऐकत होती. आम्ही निघालो तेव्हा बाप चपला घालत होता, आम्हाला स्टँडवर सोडायला. तेवढ्यात ती फाटकापर्यंत आली.

"काका," ती हळू म्हणाली, "मी नुसतं कमजोरी लिहिणार न्हवते. तहान लागते, सारखं लघवीला जावं लागतं, वजन उतरलंय, सगळं लिहायचं होतं. मला वाटलं पुढं विचारतील. कमजोरी लिहिलं आणि बाटलीच आली. पुढं कुणी विचारलंच न्हाई."

आवाजात राग नव्हता. एखादं गणित कुठं चुकलं ते सांगावं तसं सांगितलं तिनं. मोईनभाईंनी टोपी काढली. बाप आला तशी ती आत गेली.

परतीच्या एसटीत नारळ त्यांच्या मांडीवर होता. तो चाचपत ते म्हणाले, "ताई, तुमच्या दुकानातलं घड्याळ काढून टाका."

मी म्हटलं, आता त्या घड्याळानं काय केलं?

"ते कशाचं बक्षीस हाय ठाऊक हाय का तुम्हाला?" खिडकीबाहेर बघतच ते बोलत होते. "भूकंपात मी गेलो, ते मनापासून गेलो. कसम से. तंबूत बाया यायच्या. घर गेलेलं, नवरा गेलेला, लेकरं गेलेली. डॉक्टर विचारायचा, काय होतंय. ती म्हणायची, कमजोरी हाय. दुसरं काय म्हणणार? त्याला शब्द कुठंय? मी बाटली द्यायचो. ती दुसऱ्या दिवशी परत यायची. बाटली तशीच भरलेली असायची ताई. ती यायची कुणीतरी विचारतंय म्हणून. मला ते दिसत होतं. आणि मी कंपनीला काय कळवलं? इकडं कमजोरी लई हाय, माल पाठवा. मग डॉक्टरांना तोच शब्द शिकवत जिल्हाभर फिरलो. त्या वर्षी माझ्याएवढं टॉनिक कुणी विकलं न्हाई. घड्याळ त्याचं हाय. त्याच्यावर माझं नाव हाय, आणि त्या बायांमधल्या एकीचं नाव मला ठाऊक न्हाई. घरी लावलं असतं तर रोज बघावं लागलं असतं."

घड्याळ मी काढलं. भिंतीवर त्याच्या जागी फिकट गोल राहिला आहे. पुढची काही वर्षं मोईनभाई बाकावर बसायला यायचे. पगार नाही, काम नाही, पण टाय होता. 'सांगा बरं'वर नाही तर निदान इथं तरी विचारायचं, असं त्यांनी ठरवलेलं असावं. "कमजोरी म्हंजी? नेमकं काय होतंय?" कुणी उत्तर द्यायचं, कुणी तोडून बोलायचं. एकदा एक माणूस चिडून म्हणाला, तुम्ही कोण विचारणारे? मोईनभाई म्हणाले, "मी कुणीच न्हाई भाऊ, पण सांगा." पोरं त्यांना मागून 'कमजोरीवाले' म्हणायची. त्यांना ते ऐकू यायचं. त्यावर त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

पुढं पाय चालेनात म्हणून मुलगा त्यांना नांदेडला घेऊन गेला. मी शेवटची गेले ती मुलाचा फोन आला म्हणून. जुन्या गावातलं घर, जिन्यात अजून अत्तराचा वास. खोलीत खुंटीला टाय, गाठ तशीच बांधलेली. फळीवर ती पांढरी टोपी, प्लास्टिकच्या पिशवीत. टॉवेल कुठं दिसला नाही. मोईनभाई पलंगावर इतके लहान झाले होते की मी आधी दुसरीकडंच बघितलं.

"अब्बांना लई कमजोरी आलीय ताई," मुलगा म्हणाला.

पलंगावरून एक बोट वर झालं. आवाज जवळपास नव्हताच. "कमजोरी म्हंजी? नेमकं काय होतंय?"

मुलाला हसू आलं. त्यानं वाकून लाडानं विचारलं, "तुम्हीच सांगा ना अब्बा. नेमकं काय होतंय?"

मोईनभाईंनी मान माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "शरम वाटून राहिली, ताई."

मुलाला वाटलं, बाईमाणसासमोर असं पडून राहावं लागतंय म्हणून. त्यानं त्यांची चादर छातीपर्यंत ओढली, कडेनं नीट खोचली आणि म्हणाला, "आता ठीक?" मी मेडिकलवाली बाई. कुणी काहीही सांगितलं की माझा हात आपोआप मागच्या रॅककडे जातो. त्या दिवशी तो मांडीवरच राहिला.